एकट्या माणसाच्या घरीही जेवायला या

विदर्भातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे बिशप, पाळक, पंच आणि महिला मंडळाच्या भगिनी यांना खुले पत्र

आदरणीय बंधुभगिनींनो,



मंडळीच्या रजिस्टरमध्ये कुटुंबवार नोंद असते. वर कुटुंबप्रमुखाचे नाव, खाली पत्नी, मग मुले, प्रत्येकापुढे बाप्तिस्म्याची तारीख. वर्गणीचा हिशेब कुटुंबामागे आणि पाळकांच्या घरभेटीची यादीही कुटुंबामागेच. याच रजिस्टरमध्ये काही पानांवर मात्र एकच नाव असते. लग्न न झालेली परिचारिका, पत्नी गेल्यावर मागे राहिलेले पेन्शनर, नवऱ्याने टाकलेली बाई, मुलगा पुण्याला आणि मुलगी परदेशात असलेली आजी, नोकरीसाठी परगावाहून येऊन खोली करून राहिलेला तरुण. या एकेरी पानांच्या वतीने मी हे पत्र लिहिते आहे. माझेही पान त्यांतलेच.

मी आर्वीची. लग्न केलेले नाही. नोकरीची सगळी वर्षे शाळेत शिकवण्यात गेली, आता निवृत्त आहे. आईवडील होते तोवर घर भरलेले होते, त्यांच्यामागे मी एकटी उरले. आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती घरे थोडीच. प्रार्थना कधी कुणाच्या ओसरीवर होते, मोठ्या सणाला वर्धा नाहीतर नागपूर गाठावे लागते. अशा ठिकाणी एकट्या माणसाला मंडळी मिळते ती रविवारच्या दीड तासापुरती. बाकीचा आठवडा त्याचा तो.

माझे मागणे थोडक्यात सांगते. मंडळीतल्या एकट्या माणसाला आपल्या घरी जेवायला बोलवा, आणि त्याच्या घरी जेवायला जा. या दोन्हींत दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच आपल्याकडे सहसा होत नाही.

आठवड्याचे सहा दिवस निभावून जातात. बँकेची कामे असतात, बाजार असतो, गल्लीतली पोरे गणित विचारायला येतात. जड जाते ती रविवारची दुपार. उपासना संपते, आशीर्वाद होतो, सगळे बाहेर दहा मिनिटे उभ्याने बोलतात. मग कुणीतरी म्हणते, ‘चला, मटण शिजवाचं हाये अजून,’ आणि एकेक गाडी सुरू होते. ज्याची त्याची पावले ज्याच्या त्याच्या घराकडे वळतात. एकटे माणूस आपल्या दाराशी येते आणि पिशवीत हात घालून किल्ली शोधते. आपले कुलूप नेहमी आपणच काढायचे, आतून कडी काढणारे कुणी नाही. सांगायला गोष्ट लहान आहे, पण ती रोजची आहे. पुढे स्वयंपाक. एका माणसासाठी वरण लावले तरी ते दोन दिवस पुरते. म्हणून मग सकाळची पोळी, लोणचे आणि कपभर दूध यावर दुपार भागवली जाते. एकटी राहणारी कितीतरी माणसे धड जेवत नाहीत. घरात डाळतांदूळ नसतात म्हणून नव्हे. पानासमोर बसायला दुसरे कुणी नसले की रांधण्याची उमेदच राहत नाही.

उपासनेतही एक क्षण असा येतो. त्या आठवड्यातले वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस वाचून दाखवले जातात. जोडपी पुढे येतात, पाळक त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, मंडळी टाळ्या वाजवते. ही पद्धत चांगली आहे, ती बंद करा असे मी कधीच म्हणणार नाही. पण चाळीस वर्षे रुग्णसेवा करून निवृत्त झालेल्या अविवाहित बहिणीला पुढे बोलावून तिच्यासाठी उपकारस्तुती केलेली आपण शेवटची कधी पाहिली? नवऱ्यामागे एकटीने दोन मुले शिकवली त्या बाईसाठी? मंडळी कशाबद्दल देवाचे आभार मानते, हे लहान मुलेही बाकावर बसून शिकत असतात.

एकटेपणा ही श्रीमंत देशांतल्या लोकांची तक्रार आहे, आपल्याकडे घरे भरलेली असतात, असे अजून सर्रास बोलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून 2025 मध्ये जो अहवाल दिला तो याच्या उलट सांगतो. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण सुमारे 11 टक्के, तर गरीब देशांत सुमारे 24 टक्के आहे. एकटेपणाशी निगडित मृत्यू वर्षाला 8 लाख 71 हजार, म्हणजे तासाला साधारण शंभर, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. ब्रिटनने 2018 मध्ये आणि जपानने 2021 मध्ये या प्रश्नासाठी मंत्री नेमले. आपल्या देशात 2001 च्या जनगणनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि अविवाहित अशा एकट्या स्त्रिया सुमारे 5 कोटी 12 लाख होत्या. 2011 मध्ये त्या 7 कोटी 14 लाखांवर गेल्या. आपल्या विदर्भात तर कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या बायका गावोगावी आहेत. कापसाचा हा मुलूख आहे. कुणाच्या घरी काय घडले ते आपल्याला आकड्यांतून कळायची गरज नाही.

सरकारने काय करावे हा वेगळा विषय. मंडळीने काय करावे हे तर पवित्र शास्त्रातच आहे, आणि ते फार ठोस आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत जे पहिले मोठे गाऱ्हाणे उभे राहिले ते एकट्या बायकांच्या जेवणाचे होते. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी ते गाऱ्हाणे किरकोळ मानले नाही. त्यासाठी सगळी मंडळी बोलावली आणि सात माणसे नेमली. त्यांतला एक स्तेफन, जो पुढे पहिला रक्तसाक्षी झाला. विधवांच्या पानात वेळेवर अन्न पडते की नाही हे पाहायला मंडळीने आपली सर्वांत चांगली माणसे दिली होती.

पुढे वाचत जा. पौल करिंथला पोहोचला तेव्हा त्याच्या मागेपुढे बायकोमुले नव्हती. अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याने त्याला घरात घेतले. तिघांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. म्हणजे पौल त्या घरी पाहुणा होता आणि कामातला भागीदारही होता. फिलिप्पैत लुदिया नावाच्या, जांभळे कापड विकणाऱ्या बाईने पौलाला आणि त्याच्या सोबत्यांना आपल्या घरी राहायला आग्रहाने नेले. यरुशलेमेत मार्क म्हटलेल्या योहानाच्या आईच्या घरी मंडळी प्रार्थनेला जमत असे. लावदिकियाजवळ नुंफाच्या घरी मंडळी भरत असे. या तिघींच्या नवऱ्यांचा कुठे उल्लेखही नाही. बेथानीचे घर मार्था, मरिया आणि लाजर या भावंडांचे. त्यांच्याही जोडीदारांविषयी शास्त्र काही सांगत नाही. मंडळी ज्यांच्या उंबऱ्याच्या आत वाढली त्यांत अशी घरे होती. मग आज घरगुती प्रार्थनासभेची यादी करताना एकट्या बाईचे घर का गळते? ‘एवढ्या लोकांचं चहापाणी त्यांना झेपणार नाही’ असे आपणच परस्पर ठरवून टाकतो. त्या बाईला विचारतो का?

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही हेच आहे. पंडिता रमाबाईंचे आयुष्य आठवा. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले. वयाची पंचविशी गाठायच्या आत त्या लहान लेकीला घेऊन जगात एकट्या होत्या. त्यांनी काय केले? 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. 1896-97 च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्य प्रांतात आल्या, उपाशी मुली आणि बाया गोळा केल्या आणि त्यांना घेऊन केडगावला गेल्या. मुक्ती सदन तिथे उभे राहिले. पुढच्या दुष्काळानंतर तिथे जेवणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. जिचे घर दुष्काळाने मोडले तिने दुष्काळात शेकडो जणींना घर दिले. रमाबाईंच्या विद्वत्तेवर आपण भाषणे करतो. एकट्या बाईने यजमान होणे म्हणजे काय, हेही त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण वेगळे आहे. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नवरा हयात असताना लक्ष्मीबाईंच्या वाट्याला एकटेपण आले. नातेवाइकांच्या आधाराने काढलेली ती वर्षे ‘स्मृतिचित्रे’त वाचताना आजही पोटात कालवते. पुढे त्या टिळकांकडे आल्या, 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचे नगरचे घर येणाऱ्याजाणाऱ्यांचे झाले. बालकवी ठोंबरे धर्माने ख्रिस्ती नव्हते, तरी त्या घरात घरच्यासारखे राहिले. तुटलेपण काय असते ते ज्या बाईने सोसले होते, तिच्या घरात दुसऱ्याच्या मुलाला जागा होती.

आणि आपला वर्धा जिल्हा! एकट्या माणसांनी मिळून कसे राहावे याचे धडे या जिल्ह्याने देशाला दिले आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी उभे केले. कुमारप्पा तमिळ ख्रिस्ती, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले, आणि जन्मभर अविवाहित. येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी तुरुंगात पुस्तक लिहिले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्यात रमलेल्या या माणसाचे घर आणि काम असे वेगळे नव्हते. आपल्या ख्रिस्ती मुलांना त्यांचे नाव तरी ठाऊक आहे का? पवनारला विनोबांनी 1959 मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. तिथल्या बहिणी संसार न करता एकत्र राहत आल्या. शेती, स्वयंपाक, सफाई सगळ्यांनी करायची, आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यायचे. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींना आश्रमात जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. ज्याला जगाने गावाबाहेर ठेवले होते तो माणूस आश्रमाचा झाला. हे सगळे आर्वीपासून बसने दोन-तीन तासांच्या आत घडले आहे.

आर्वीच्या आसपासच पाहा. नदीपलीकडे कौंडण्यपूर, रुक्मिणीचे माहेर. तिथून पंढरीला पालखी जाते. दिंडीत चालणाऱ्या एकट्या बाईला ‘तुमचे मालक कुठे?’ असे कुणी विचारत नाही. गावोगावी तिला पाट मिळतो, भाकर मिळते. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना खेड्यापाड्यांत नेली. संध्याकाळी सगळे एका ओळीत बसतात, त्यात एकटा म्हातारा असतो आणि भरल्या घरचा पाटीलही असतो. शेजारच्यांचे जे चांगले आहे ते आपण मोकळेपणाने घ्यावे. मला ताप आला तेव्हा पहिला डबा आणून दिला तो शेजारच्या हिंदू वहिनींनी. ‘काहून सांगतलं नाही, ताई?’ एवढे म्हणून त्या रागावल्या आणि औषधाची चिठ्ठी घेऊन निघाल्या. माझी मंडळी माझ्या दारापर्यंत याच पावलांनी यावी, एवढीच माझी इच्छा आहे.

आता माझ्या मागण्याच्या दुसऱ्या भागाकडे येते. एकट्या माणसाला नुसते बोलावणे पुरत नाही. नेहमी पाहुणाच असलेल्या माणसाच्या मनात संकोच साठत जातो. तो पाचव्यांदा बोलावल्यावर ‘आज जरा बरं नाही’ म्हणतो, सहाव्यांदा फोन उचलत नाही. ज्याच्या घरी आपण जेवलो त्याला आपल्या घरी वाढता आले पाहिजे, ही आपल्या लोकांची रीत आहे, आणि त्यात माणसाचा मान आहे. एकटे माणूसही वाढणारे माणूस आहे, हे मंडळीने मानले पाहिजे.

हे मी अनुभवाने सांगते. आपल्याकडे थंडीत रोडगे करतात. रोडगे एका माणसासाठी कुणी लावत नाही. गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, कणकेचे थरावर थर देऊन गोळे करायचे, विस्तव खाली बसला की ते निखाऱ्यात भाजायचे, मग राखेत दाबून ठेवायचे. एवढा खटाटोप दोन रोडग्यांसाठी कोण करील? म्हणून आई गेल्यापासून माझ्याकडे ते बंदच होते. एका हिवाळ्यात प्रार्थनेनंतर मी सरळ सांगून टाकले, पुढच्या रविवारी सगळे माझ्याकडे रोडग्यांना या. दोन कुटुंबे आली, पोराबाळांसह. पत्नी वारल्यापासून कुणाकडे फारसे न जाणारे एक काका आले. बँकेत नवीन लागलेला, खोली करून राहणारा एक मुलगा आला. गोवऱ्या कुणी आणल्या, वांगी कुणी. मी वरण लावले.

काका आधी भिंतीला टेकून गप्प बसले होते. जगरा चुकीचा रचला जातोय हे पाहून त्यांना राहवले नाही. उठून आले आणि गोवऱ्या स्वतः लावू लागले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज चढला, ‘पलटवा ना जी, जळून राह्यले ते!’ सगळे हसले आणि तेही हसले. राखेतून एकेक रोडगा काढून फडक्यात घोळायचा, हाताने फोडायचा आणि वर तूप सोडायचे, हे काम त्यांनी शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाला दिले नाही. बँकेतल्या मुलाला ते शिकवत होते, त्यांची बायको वांग्याच्या भाजीत काय घालायची ते सांगत होते. तिचे नाव त्यांच्या तोंडून मी बऱ्याच दिवसांनी ऐकले. जाताना म्हणाले, ‘पुढल्या वेळी माह्याकडे. भाजी तुम्ही आणजा, जगरा माह्याकडे.’ आणि त्यांनी खरेच बोलावले. तिथून हा क्रम सुरू झाला. महिन्यातून एक रविवार, दरवेळी वेगळे घर, एकट्याचेही आणि कुटुंबाचेही. जेवण साधे: झुणका-भाकर, गोळाभात, कधी पाटवडी रस्सा. माझ्या घरचे कुलूप आजही मीच काढते. पण महिन्यातून एकदा माझ्या दाराशी चपलांचा ढीग असतो, आणि बाकीच्या दिवसांतही माझी वाट पाहणारी माणसे गावात आहेत हे मला माहीत असते.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मी ऐकले आहेत. एकट्या बाईच्या घरी पुरुष गेले तर लोक काय म्हणतील? ही काळजी गावात खोटी नाही. म्हणूनच मी चारचौघांना एकत्र बोलवायला सांगते. कुटुंबे, एकटी माणसे, मुले, म्हातारी अशी सगळी मिसळून आली आणि दार उघडे राहिले की बोलणाऱ्याला बोलायला जागा उरत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. प्रत्येकाने एक पदार्थ आणला तर कुणावरच भार पडत नाही. झुणका-भाकरीला लाज वाटण्याचे कारण नाही. उलट पंगतीचा थाट वाढला की गरिबाचे घर त्या यादीतून आपोआप गळते, म्हणून जेवण साधेच ठेवावे. तिसरा आक्षेप वेळेचा. सगळ्यांची धावपळ असते, मान्य आहे. पण रविवारी घरी मटण तर शिजतेच. त्यात एक पान वाढवायला वेगळा वेळ लागत नाही.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट बोलते. जेवायला बोलावून लग्नाचा विषय काढू नका. ‘अजून कुठं जमलं नाही का?’, ‘एक स्थळ आहे बघा,’ हे ऐकायला लागते या धास्तीने कितीतरी तरुण मुली आणि मुले मंडळीपासून दूर राहतात. ज्याला लग्न करायचे असेल तो तुम्हाला आपणहून सांगेल. दुसरे, ‘तुला काय, मागे कुणी नाही’ असे म्हणून सगळी कामे एकट्या माणसावर टाकू नका. संडे स्कूल, नाताळची सजावट, दवाखान्यातले जागरण ही कामे आम्ही आनंदाने करतो. पण जी मंडळी आमच्याकडून रात्रीचे जागरण घेते, तिने आमच्या आजारपणात आमच्या उशाशीही बसावे.

म्हणून आपल्यापुढे या मागण्या ठेवते.

1. प्रत्येक मंडळीने आपल्या रजिस्टरमधली एकेरी पाने काढावीत आणि त्यांतल्या प्रत्येक माणसाची पाळक किंवा पंच यांनी महिन्याभरात घरी जाऊन भेट घ्यावी. जाताना काही सांगायला जाऊ नये, ऐकायला जावे.

2. घरगुती प्रार्थनासभांच्या यादीत एकट्या माणसांची घरे कुटुंबांच्या बरोबरीने घ्यावीत. चहापाण्याचे काय, ते त्या त्या माणसाला विचारून ठरवावे.

3. महिन्यातला एक रविवार एकत्र जेवणाचा ठरवावा. तो मंडपात, केटरर लावून नको. घराघरांत असावा, म्हणजे पाहुणा आणि यजमान आलटून पालटून होता येते.

4. ज्यांच्या घरी दुसरे कुणी नाही अशा प्रत्येकासाठी मंडळीतली दोन घरे नेमून द्यावीत. रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, दवाखान्यात दाखल करताना सही कोण करणार, घराची दुसरी किल्ली कुणाकडे असेल, हे त्या माणसाच्या संमतीने आधीच ठरलेले असावे.

5. नाताळात गाणी गात फिरणाऱ्या तरुणांनी एकट्या माणसांची दारे गाळू नयेत. नाताळच्या दिवशी मंडळीतले एकही माणूस एकटे जेवता कामा नये, याची जबाबदारी पंचांनी घ्यावी.

6. लग्नाच्या वाढदिवसांबरोबर सेवानिवृत्ती, दीर्घ सेवा, एकटीने वाढवलेल्या मुलांची नोकरी, आजारातून उठणे यांबद्दलही उपासनेत उपकारस्तुती व्हावी.

7. पंचांत आणि मंडळीच्या समित्यांत एकट्या स्त्री-पुरुषांना जागा असावी. आमच्याबद्दलचे निर्णय आमच्याशिवाय होऊ नयेत.

यांतल्या बहुतेक गोष्टींना ठराव, निधी किंवा वरून मंजुरी लागत नाही. चौथ्या आणि सातव्या मागणीला थोडा विचार लागेल, बाकीच्या येत्या महिन्यात सुरू करता येतील. 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्याच नागपुरात सहा मंडळ्या आपापले वेगळेपण बाजूला ठेवून एक झाल्या आणि उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. एवढी मोठी एकी ज्या भूमीत झाली तिथे दोन घरांनी एका जेवणाभोवती एकत्र येणे अशक्य नाही.

माझ्यासारख्या एकट्या भावाबहिणींनाही एक सांगायचे आहे. बोलावण्याची वाट पाहत बसू नका. घर लहान असले, भांडी मोजकी असली, स्वयंपाक जेमतेम येत असला तरी दोघांना बोलवा. जकातदार जक्कयाला लोक पापी समजत, आणि त्याने येशूला बोलावलेही नव्हते. तरी येशूने स्वतःच त्याच्या घरी उतरण्याचे ठरवले, आणि त्या एका भेटीने त्याचे सगळे घर बदलले. आपल्या घरीही येणारे येतील. पहिल्यांदा हाक मारायला धीर लागतो, पुढे तो आपोआप येतो.

पाळकसाहेब, पंचमंडळी, येत्या रविवारी आशीर्वाद झाल्यावर लगेच गाडीकडे जाऊ नका. दाराशी थांबा, एकट्याने घरी निघालेल्या माणसाला गाठा आणि विचारा, ‘आज आमच्याकडे जेवायला येता का? आणि तुमच्याकडे आम्ही कधी येऊ?’ हे दोन्ही प्रश्न विचारा. दुसरा विसरू नका.

आपली,
मंडळीतली एक बहीण
आर्वी, जि. वर्धा